कॅनडात आश्रय नाकारला, तर कोर्ट नेमकं काय तपासतं?

समजा, पंजाबातला एक शेतकरी कॅनडात आश्रय मागतो. गावच्या पोलिसांपासून जिवाला धोका आहे, असं त्याचं म्हणणं. निर्वासित मंडळ अर्ज फेटाळतं: पंजाबात धोका असेल, पण तुम्ही मुंबईत राहू शकता. उदाहरण कल्पित आहे, पण भारतीयांचे अर्ज फेटाळणाऱ्या निकालांत मुंबईचं नाव वारंवार येतं.

मंडळाच्या अपील विभागानेही नकार दिला, की उरतं फेडरल कोर्ट. इथे अनेकांची समजूत चुकते. हा माणूस निर्वासित आहे की नाही, हे न्यायाधीश ठरवत नाहीत. मंडळाचा निकाल वाजवी आहे का, एवढंच ते बघतात. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या व्हाविलोव खटल्यात ही कसोटी स्पष्ट केली: कारणं एकमेकांशी जुळणारी हवीत, आणि कायदा व पुरावा यांना धरून हवीत. सुनावणी न्याय्य झाली का, हा मुद्दा वेगळा. दुभाष्याने जबाब चुकीचा सांगितला असेल, तर ती तक्रार त्यात येते.

म्हणून ‘मी खरं बोलत होतो’ एवढं म्हणून इथे भागत नाही. चांगला वकील निकाल आणि पुरावे शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचतो. मुंबईत भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी लागते. आपल्या लेखी तो एक फॉर्म, पण पोलिसांपासूनच लपणाऱ्याला त्याचीच धास्ती. अर्जदाराने हा मुद्दा कागदपत्रांसह मांडला असेल आणि निकालात त्यावर चकार शब्द नसेल, तर वकिलाच्या हाती भक्कम मुद्दा लागला. मंडळाने मात्र तो तपासून, पटण्याजोगी कारणं देऊन बाजूला सारला असेल, तर न्यायाधीशांचं स्वतःचं मत वेगळं असलं तरी ते निकालाला हात लावत नाहीत. निकालानंतर गावाकडून आलेलं नवं पत्रही सहसा चालत नाही. मंडळापुढे जे होतं, तेवढंच कोर्टापुढे.

या युक्तिवादाआधी परवानगीचा टप्पा असतो. नकार कळल्यापासून 15 दिवसांत अर्ज करायचा, शुल्क 50 डॉलर. मग निकालाची प्रत, प्रतिज्ञापत्र आणि लेखी युक्तिवाद दाखल करायचा. सरकारी वकिलाचं उत्तर आलं, की न्यायाधीश सहसा कागदांवरूनच निर्णय देतात. परवानगी नाकारताना कारण देण्याचं बंधन नाही, आणि त्यावर अपीलही नाही. हे मला फार खटकतं. आश्रय मागणाऱ्याच्या खरेपणावर प्रश्न असेल तर त्याचं म्हणणं समोरासमोर ऐकायला हवं, हे याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सिंग खटल्यात सांगितलं. त्याच माणसाला शेवटचा दरवाजा बंद होताना दोन ओळींचं कारण तरी मिळायला हवं.

परवानगी मिळाली, तर 30 ते 90 दिवसांच्या आत सुनावणी ठेवतात. अपील विभागाच्या नकाराविरुद्ध वेळेत आलेल्या बहुतेकांची रवानगी तोवर आपोआप थांबते. ज्यांची थांबत नाही, त्यांना वेगळी स्थगिती मागावी लागते, आणि परत पाठवल्यास भरून न येणारं नुकसान होईल हे दाखवावं लागतं.

खटला जिंकला म्हणजे आश्रय मिळाला असं नाही. निकाल रद्द होतो आणि प्रकरण मंडळाकडे परत जातं, सहसा दुसऱ्या सदस्यापुढे. तो सदस्य अधिक नीट कारणं देऊन पुन्हा नकारही देऊ शकतो. म्हणून गावाकडून आलेलं ते पत्र जपून ठेवायचं. नव्या पुराव्याचे नियम पाळून ते या फेरीत मांडता येतं.