‘नेव्हर’च्या पोटातला नकार

१ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी. पाचूबंदरच्या यांत्रिक बोटी तेव्हा समुद्रात कधीच जात नाहीत. हेच इंग्रजीत सांगताना मराठी मूल सहज ‘दे नेव्हर डोन्ट गो’ म्हणून जातं. चुकीचं मूळ मराठीत आहे: आपल्या ‘कधीच’ला ‘नाही’ लागतंच. ‘नेव्हर’च्या पोटात मात्र नकार आधीच असतो, ‘दे नेव्हर गो’ एवढं पुरे.

दुसरी अडचण जागेची. मराठीत ‘नेहमी’ हवं तिथे सरकतं. इंग्रजीत ‘ऑल्वेज’ बहुधा मुख्य क्रियापदाआधी येतं: ‘वी ऑल्वेज ड्राय बोंबील’. पण ‘इज’, ‘आर’ असतील तर त्यांच्यानंतर: ‘द सी इज ऑल्वेज रफ इन जुलै’.

मुलांना हे बंदरावरच्या अशा वाक्यांतूनच शिकवा.