नियमांच्या उगमाशी : देवासच्या कुमार गंधर्वांचे बंड

हिंदुस्थानी संगीतात नियमांविरुद्ध झालेल्या बंडांपैकी सर्वांत दूरगामी बंड माळव्यातल्या देवास या गावी घडले. ते करणारे पं. कुमार गंधर्व जन्माने बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, तालमीने मुंबईचे आणि 1948पासून अखेरपर्यंत देवासचे रहिवासी. घराण्याची चौकट त्यांनी नाकारली, ख्यालाच्या मांडणीचा ठरलेला क्रम मोडला, लोकधुनांतून नवे राग उभे केले आणि निर्गुणी भजनाला मैफलीत ख्यालाच्या पंक्तीला बसवले. व्याकरण मात्र त्यांनी सोडले नाही. नियम ज्या गाण्यातून निघाले त्या गाण्यापर्यंत मागे जायचे आणि तिथून नियम पुन्हा तपासून घ्यायचे, असे या बंडाचे स्वरूप होते.

नियम घट्ट कसे झाले

भारतीय संगीतशास्त्रात आधी लक्ष्य आणि मग लक्षण, असा क्रम मानला जातो. लोक गातात ते लक्ष्य. त्याचे निरीक्षण करून बांधलेला नियम म्हणजे लक्षण. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने पूर्वसूरींच्या यादीत धारच्या भोजराजाचे नाव घेतले आहे. म्हणजे संगीताच्या शास्त्रचर्चेत माळव्याचा वाटा निदान अकराव्या शतकापासूनचा आहे. जुन्या ग्रंथांतल्या रागनामांत मालव, गुर्जरी, सौराष्ट्री अशी प्रदेशांची नावे पुन्हा पुन्हा येतात. गावोगावचे गाणे उचलून शास्त्रात बसवण्याची रीत जुनी असल्याची ही खूण आहे. त्याच शास्त्राने कुंपणही घातले. मतंगाच्या ‘बृहद्देशी’ने चारपर्यंतच स्वर असलेले गाणे मार्गसंगीतातून वगळले आणि ते शबर, पुलिंद अशा लोकांचे ठरवले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या नियमांना पाठ्यपुस्तकांचे रूप आले. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव फिरून बंदिशी जमवल्या, दहा थाटांत रागांची वर्गवारी केली आणि 1910 साली ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. विस्कळीत विद्या यामुळे सर्वांच्या हाती आली. मात्र वर्गात शिकवायचे आणि परीक्षा घ्यायची म्हटल्यावर प्रत्येक रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, पकड आणि वेळ ठाम सांगावी लागते. 1931 साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले आणि प्रवेशिका ते अलंकार अशी परीक्षांची शिडी रूढ होत गेली. स्वातंत्र्यानंतर नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीने कलावंतांच्या स्वरचाचण्या घेऊन श्रेणी लावायला सुरुवात केली, तेव्हा नामवंत गायक-वादकांनी त्याला विरोधही केला.

परीक्षक आला की नियम कडक होतात, हा अनुभव इतर कलांचाही आहे. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलचा बॉलरूम नृत्यमहोत्सव 1920 साली सुरू झाला. 1924 साली नृत्यशिक्षकांच्या इम्पीरियल सोसायटीने बॉलरूमसाठी स्वतंत्र शाखा काढून वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो यांची पावले ठरवून दिली. दोन जोड्यांची तुलना करायची तर दोन्हींनी एकच गोष्ट करून दाखवायला हवी, ही त्यामागची गरज. मग वेगळे पाऊल टाकणारी जोडी कितीही चांगली नाचली तरी गुण गमावू लागली. 1992च्या ‘स्ट्रिक्टली बॉलरूम’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचे कथानक याच संघर्षावर उभे आहे.

हिंदुस्थानी संगीतात परीक्षेच्या जोडीला घराण्याचा धाकही होता. आवाज कसा लावायचा, लय किती ठेवायची, बढत कोणत्या क्रमाने करायची, हे घराण्याने ठरवलेले असे. शागिर्दाने दुसऱ्या घराण्याचे गाणे ऐकणेही अनेक उस्तादांना खपत नसे.

देवधरांची शाळा

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म 8 एप्रिल 1924चा. लहानपणीच ते अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, रामकृष्णबुवा वझे यांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गात. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्यांना याच वयात एका मठाच्या स्वामींकडून मिळाली. पुढे ते मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला राहिले. देवधर पलुस्करांचे शिष्य होते, पण एका घराण्याला बांधलेले नव्हते. निरनिराळ्या घराण्यांच्या उस्तादांकडून त्यांनी बंदिशी मिळवल्या होत्या, पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतले होते आणि आवाज जोपासण्याच्या शास्त्राचा अभ्यास केला होता. त्यांच्या शाळेत थोरामोठ्यांचा राबता असे. अंजनीबाई मालपेकरांकडूनही कुमारांना विद्या मिळाली. अनेक घराणी एकाच वेळी कानावर पडल्याने घराण्याची शिस्त ही गाण्याच्या अनेक वाटांपैकी एक आहे, हे त्यांना फार लवकर उमगले.

आजारपण आणि माळवा

1947 साली त्यांचा विवाह देवधरांच्याच शिष्या भानुमती कंस यांच्याशी झाला. लगेच क्षयाचे निदान झाले आणि कोरड्या हवेसाठी जानेवारी 1948मध्ये हे जोडपे देवासला आले. इंदूरपासून सुमारे 35 किलोमीटरवरचे हे गाव पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीत वाटले गेलेले संस्थान होते. गावात मराठी बोलणारी कुटुंबे होती, दरबारी गवयांची परंपरा होती आणि रजब अली खाँसारखे तानबाज उस्ताद तिथे राहत होते. इंदूरला रामूभैया दाते यांच्यासारखे दर्दी रसिक, ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते आणि चित्रकार विष्णू चिंचाळकर अशी मित्रमंडळी मिळाली.

डॉक्टरांनी गाण्यावर बंदी घातली. भानुमतीबाई शाळेत नोकरी करून घर चालवत होत्या आणि कुमार अंथरुणावर पडून ऐकत होते. लग्नाची, ऋतूंची, सणांची गाणी म्हणणाऱ्या माळवी बायका, फिरते भजनी, गारुडी हे सारे या काळात त्यांच्या कानी पडले. देवासला शीलनाथ महाराजांच्या धुनीची नाथपंथी परंपरा आहे. तिथली निर्गुणी भजने त्यांच्यापर्यंत पोहोचली. स्ट्रेप्टोमायसिन या तेव्हा नव्याने आलेल्या औषधाने ते वाचले, मात्र एक फुप्फुस कायमचे निकामी झाले. 1953च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा गाणे बदललेले होते.

धुनेपासून रागापर्यंत

माळवी लोकधून बहुधा चार-पाच स्वरांत फिरते. शास्त्राने कुंपणाबाहेर ठेवलेले हेच गाणे कुमारांनी अभ्यासाला घेतले. धून लिहून घ्यायची, तिचे वळण कोणत्या स्वरावर थांबते, कोणता स्वर नुसता स्पर्शून जाते, हे पाहायचे आणि त्या चालीत विस्ताराला वाव आहे का ते तपासायचे. वाव असेल तर राहिलेले स्वर तिच्या स्वभावाला धरून भरायचे. रूढ राग मुळात लोकधुनांतूनच निघाले, या सिद्धान्ताचा हा प्रत्यक्ष प्रयोग होता. अशा रागांना ‘धुनउगम राग’ म्हणतात. मालवती, लगनगंधार, संजारी, मधसुरजा, अहिमोहिनी, सहेली तोडी ही त्यांच्या रागांतली काही नावे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी गांधी मल्हार रचला.

मधसुरजा हा भर दुपारचा राग. त्यातली प्रसिद्ध बंदीश बळी दिल्या जाणाऱ्या बकरीच्या तोंडी आहे: घरी पिल्लू एकटे आहे, मला वाचव, अशी ती देवीआईची विनवणी करते. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवींची ठाणी आहेत आणि कुमारांचे ‘भानुकुल’ हे घर त्याच टेकडीच्या पायथ्याशी आहे. नणंद-सासू, पिया आणि कृष्णलीला यांत फिरणाऱ्या ख्यालाच्या शब्दांत असा विषय सहसा येत नसे. या आणि इतर बंदिशी, रागांच्या माहितीसह आणि स्वरलेखनासह, मौज प्रकाशनाच्या ‘अनूपरागविलास’च्या पहिल्या भागात 1965 साली आल्या, दुसरा भाग त्यांच्या निधनानंतर 1993 साली निघाला. नवे राग त्यांनी व्याकरणासकट छापून दिले, म्हणजे लक्ष्यानंतर लक्षण हा शास्त्राचा क्रमच पाळला.

ख्यालाची मोडलेली चौकट

रूढ ख्यालात विलंबित लयीत एकेका स्वराने बढत, मग बोलआलाप, बोलतान, तान आणि शेवटी द्रुत अशी चढण असते. कुमारांनी हा क्रम प्रत्येक रागाला आणि प्रत्येक बंदिशीला लागू पडतो हे मानले नाही. बंदीश स्वतःच रागाचा एक चेहरा दाखवते आणि विस्तार त्या चेहऱ्याला शोभेल असा हवा, ही त्यांची भूमिका. त्यामुळे एखादा राग ते थोडक्यात आटोपत, तर दुसऱ्यात एकाच सुरावटीभोवती रेंगाळत. अतिविलंबित लय टाळून ते मध्यलयीकडे झुकले. आवाज एका पट्टीत भरून लावण्याऐवजी कुजबुजीपासून एकदम तारसप्तकातल्या फेकीपर्यंत ते तो खेळवत. दोन स्वरवाक्यांमधली शांतता गाण्याचा भाग झाली आणि तिला आधार म्हणून तानपुरे अतिशय काटेकोर लावलेले असत.

याच माळव्यात त्या काळी उस्ताद अमीर खाँ (1912–1974) दुसऱ्या दिशेने जात होते. इंदूरच्या या गायकाने झूमरा तालात लय जवळजवळ थांबेल इतकी संथ केली आणि अनेक शैली पचवून स्वतःची वेगळी गायकी घडवली. एक लय ताणत होता, दुसरा आटवत होता. घराण्याच्या ठरीव मापात मात्र दोघेही बसत नव्हते.

मैफलीचा साचाही कुमारांनी बदलला. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ हे ऋतूंवरचे, ‘त्रिवेणी’ हा कबीर-सूर-मीरा यांच्यावरचा, तसेच ‘तुकारामदर्शन’, ‘माळवा की लोकधुनें’ आणि ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे एका सूत्रात बांधलेले कार्यक्रम त्यांनी केले. मैफलीच्या शेवटी तोंडी लावण्यापुरते असणारे भजन त्यांच्याकडे मुख्य गाणे झाले.

आक्षेप

विरोध बराच झाला. रागाची सलग इमारत उभी राहत नाही, तुकडे ऐकू येतात, हा मुख्य आक्षेप. एका फुप्फुसाच्या मर्यादेला शैलीचे नाव दिले, असेही म्हटले गेले. पहिल्या आक्षेपामागे बढतीचा एकच क्रम योग्य असे गृहीत आहे, आणि वाद नेमका त्याच गृहीताचा होता. दुसऱ्यात तथ्याचा अंश आहे: दमसास तोकडा पडल्याने वाक्ये लहान झाली. पण नवे राग, बंदिशींचे विषय, ऋतूंचे कार्यक्रम यांचा उलगडा श्वासाच्या मर्यादेने होत नाही. मराठीत ही चर्चा गांभीर्याने झाली. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (1961) या ग्रंथाने घराण्यांची तत्त्वे मांडली आणि एखादा गायक परंपरेच्या कुठे आत व कुठे बाहेर आहे, हे मोजण्याची भाषा रसिकांना दिली.

वारसा

भानुमतीबाईंचे 1961 साली निधन झाले. पुढच्या वर्षी कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. त्या पुढे अनेक कार्यक्रमांत त्यांच्यासोबत गायल्या. मुलगा मुकुल शिवपुत्र, मुलगी कलापिनी, नातू भुवनेश, तसेच सत्यशील देशपांडे, विजय सरदेशमुख यांनी त्यांची विद्या आपापल्या रीतीने पुढे नेली. कुमारांना 1977 साली पद्मभूषण आणि 1990 साली पद्मविभूषण मिळाले. 12 जानेवारी 1992 रोजी देवासला त्यांचे निधन झाले. मध्य प्रदेश सरकार त्यांच्या नावाने राष्ट्रीय सन्मान देते.

बंडखोराची लकब शिष्यांच्या आणि चाहत्यांच्या गळ्यात नियम होऊन बसते, हे इथेही घडले. तुटक वाक्ये आणि अचानक फेकलेला तारस्वर यांची नक्कल सर्रास झाली. त्यामागचा धुनांचा अभ्यास फार थोड्यांनी केला. कुमारांनी स्वतःचे घराणे काढले नाही, आणि लकबींच्या नकलेतून ते उभे राहण्यासारखेही नव्हते. त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे ती पद्धत: नियम मान्य करण्याआधी किंवा मोडण्याआधी तो कोणत्या गाण्यातून निघाला ते शोधायचे, आणि नवे काही उभे केले तर त्याचे लक्षणही स्वतःच लिहून द्यायचे.