मुलांची सुट्टी घरीच? वर्गांपेक्षा घरकाम, खेळ आणि थोडा रिकामा वेळ उपयोगी

मार्च-एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आटोपतात आणि मुले घरी राहू लागतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बहुतांश शाळांचे नवे सत्र एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने तेथील मुलांना आधी काही दिवसांची छोटी आणि नंतर मे-जूनमध्ये मोठी सुट्टी मिळते. महाराष्ट्रात मोठी सुट्टी साधारणतः मेच्या प्रारंभापासून जूनच्या मध्यापर्यंत असते. विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी उशिरा उघडतात. या काळात प्रत्येक कुटुंबाला प्रवासाला किंवा गावी जाता येतेच असे नाही. आई-वडील दोघेही नोकरीला असतील तर रजा मोजकी असते आणि शिबिरांचे शुल्क सर्वांना परवडत नाही. परिणामी सुट्टीचा मोठा भाग घराच्या चार भिंतींतच जातो.

या काळाचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो, हे फारसे बोलले जात नाही. मुले दिवसभर घरी असली, की दुपारचे जेवण, संध्याकाळचे खाणे, पसारा आणि भांडणे यांची जबाबदारी बहुतेक घरांत आईकडे किंवा आजीकडे येते. सुट्टी मुलांची आणि जादा पाळी घरातील स्त्रियांची, असे चित्र त्यातून तयार होते. मुलांचे मन रमवणे हे आणखी एक काम याच यादीत जोडले गेले, तर आठवड्याभरात सगळेच थकतात. त्याऐवजी मुलांना घराच्या कामात खरा वाटा देणे अधिक उपयुक्त ठरते. हा वाटा मुलगा आणि मुलगी दोघांना सारखाच असावा, हे वेगळे सांगण्याची गरज अजूनही संपलेली नाही.

उन्हाळी वाळवणाचे उदाहरण घेता येईल. कुरडयांसाठी गहू साधारण तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलावे लागते. नंतर ते वाटून चोथा वेगळा केला जातो आणि गाळलेले पांढरे पाणी रात्रभर स्थिर ठेवले जाते. सकाळी तळाशी घट्ट चीक बसलेला असतो. तो मिठाच्या उकळत्या पाण्यात हाटून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कापडावर किंवा प्लास्टिकच्या कागदावर पाडायचा. गव्हातील पिष्ट पाण्यात विरघळत नाही, ते जड असल्याने खाली बसते, आणि शिजले की फुगून चिकट होते. विज्ञानाच्या पुस्तकात अर्ध्या पानात येणारा हा भाग येथे चार दिवस डोळ्यांसमोर घडतो. आठ वर्षांच्या मुलाला पाणी बदलण्याचे आणि वाळत घातलेल्या कुरडया राखण्याचे काम सहज जमते. चीक हाटणे मात्र मोठ्यांनीच करावे, कारण त्याचा शिंतोडा चांगलाच भाजतो. ज्या सदनिकेत गच्चीही मिळत नाही, तेथे कैरीच्या फोडींना मीठ लावून तासाभरात किती पाणी सुटते हे पाहणेही पुरेसे आहे. उरलेल्या कैऱ्यांचे पन्हे करता येते.

मुलांना दिलेले काम घराला खरोखर लागणारे असावे. उगाच गुंतवून ठेवण्यासाठी काढलेले काम मुले लगेच ओळखतात. किराणा मालाची यादी करणे, आलेल्या भाजीचा हिशेब लिहिणे, धाकट्या भावंडाला गोष्ट वाचून दाखवणे, पक्ष्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या उथळ भांड्यातील पाणी रोज सकाळी बदलणे, अशी कामे एकदा सोपवली की ती पुन्हा हातात घेऊ नयेत. भांडे नीट घासले गेले नाही तरी चालेल. शाळेने दिलेल्या सुट्टीतील प्रकल्पांचे काय होते, हे पालकांना ठाऊक आहेच. त्यांतील अनेक प्रकल्प रात्री जागून पालकच पूर्ण करतात.

‘कंटाळा आला’ ही तक्रार तरीही येणारच. ती ऐकताच नवे खेळणे, नवा वर्ग किंवा मोबाइल पुढे करण्याची घाई बहुतेक घरांत होते. वर्षभर तासिकांच्या वेळापत्रकात बांधलेल्या मुलाला मोकळ्या वेळेचे काय करायचे हे ठाऊकच नसते. ते शोधायला त्याला एक-दोन दिवस लागतात. तेवढा धीर धरला, तर खाटेखाली घर मांडले जाते आणि जुन्या खोक्यांची आगगाडी होते.

पडद्याबाबत मार्गदर्शन स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा अधिक पडदा नको, आणि तो जितका कमी तितका चांगला. भारतीय बालरोग अकादमीने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांच्या आतील मर्यादा सुचवली आहे. मोठी माणसे जेवताना फोन बघत असतील, तर मात्र हे नियम कोणी ऐकत नाही.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असेही ही संघटना सांगते. उष्म्याच्या दिवसांत दुपारी बारा ते तीन या वेळेत उन्हात जाणे टाळावे लागत असल्याने खेळ सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर ठेवणे भाग आहे. मधली दुपार पत्त्यांची. बदाम सात लहानांनाही येते. पाच-तीन-दोन या खेळात तिघांना प्रत्येकी दहा पाने मिळतात आणि हात कमी पडले, की पुढच्या डावात पान ओढले जाते. ही देणी-घेणी लक्षात ठेवताना बेरीज-वजाबाकी आपोआप होते. सागरगोट्यांना तर वीजही लागत नाही.

दुपारच्या उन्हात दहा मिनिटे जाण्यासारखे एक निमित्त मात्र आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील भारतात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या तळाखाली नाहीशी होते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्यातील पहिला दिवस अनेक शहरांत याच सुट्टीत येतो: तंजावरला 18 एप्रिलच्या सुमारास, बेंगळुरूला 24-25 एप्रिलला, हैदराबादला 9 मेच्या आसपास, पुण्यात 13-14 मे, मुंबईत 15-16 मे, नागपुरात 26 मेच्या आसपास, तर बडोदे आणि इंदूर येथे जूनच्या पहिल्या आठवड्यात. ही वेळ घड्याळातील बारा नसते. मुंबईत ती साधारण 12 वाजून 35 मिनिटांनी येते, कारण भारतीय प्रमाणवेळ मुंबईच्या बऱ्याच पूर्वेकडील रेखांशावर ठरलेली आहे. दिल्ली आणि ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तेथे सावली कधीच पूर्ण नाहीशी होत नाही. तेथील मुलांना दर रविवारी एकाच डब्याची मध्यान्हीची सावली खडूने आखून ती 21 जूनपर्यंत कशी आखडत जाते हे पाहता येईल. वेगवेगळ्या शहरांतील चुलत-मावस भावंडांनी आपापली मापे फोनवर ताडून पाहिली, तर अक्षांश म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी या सुट्टीला आणखी एक बाजू आहे. शाळेत हिंदी, कन्नड, तेलुगू, गुजराती किंवा इंग्रजीत वावरणारी मुले घरातले मराठी समजतात, पण उत्तर दुसऱ्याच भाषेत देतात. वाचनाची सवय तर अनेकदा लागलेलीच नसते. त्यासाठी मोठा खर्च करण्याची गरज नाही. बालभारतीतर्फे 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या मराठी चित्रकथा आहेत. त्या छापून घेतल्या, तर पडद्याचा प्रश्नही सुटतो. ज्यांना देवनागरी येते, पण मराठी वाचताना अडखळायला होते, अशा मुलांकडून आजीची एखादी पाककृती फोनवर विचारून लिहून घ्यावी. ‘चिमूटभर’, ‘अंदाजाने’, ‘खरपूस होईपर्यंत’ अशा शब्दांपाशी मुले थांबतात, पुन्हा फोन करतात, आणि आजीलाही दुपारी बोलायला कोणीतरी मिळते.