चौक एक, यंत्रणा अनेक : सुधारणेनंतर देखभाल कोणी करायची?

पुणे : मुंबई-बेंगळुरू महामार्गावरील पुण्याचा चांदणी चौक वाहनचालकाला एकच चौक दिसतो. कागदोपत्री तो एकाचा नाही. मुख्य महामार्ग भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या अखत्यारीत, शहराकडून येणारे रस्ते महापालिकेचे, वाहतूक नियमन पोलिसांचे, तर वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्या आणखी निराळ्या यंत्रणांच्या ताब्यात. अशा चौकाची सुधारणा करण्यासाठी या यंत्रणा एकत्र येतात. उद्घाटनानंतर पहिला पाऊस पडतो आणि तुंबलेले पाणी नेमके कोणाच्या हद्दीत आहे, या प्रश्नापासून देखभालीचा खरा अध्याय सुरू होतो.

चांदणी चौकातील प्रकल्पाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले. बांधकाम महामार्ग प्राधिकरणाचे आणि आवश्यक जागा मिळवून देण्याची जबाबदारी महापालिकेची, अशी विभागणी होती. भूसंपादन रेंगाळल्याने काम लांबले. ऑगस्ट २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचा ताफा याच भागातील कोंडीत अडकला, तेव्हा नागरिकांनी त्यांच्यासमोर गाऱ्हाणे मांडले. त्यानंतर कामाला गती आली. १ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर नियंत्रित स्फोटाने जुना पूल पाडण्यात आला आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते नव्या मार्गांचे लोकार्पण झाले. वाहनांची कोंडी सुटण्यास मोठी मदत झाली, तरी पादचाऱ्यांनी महामार्ग सुरक्षितपणे कसा ओलांडायचा, हा प्रश्न त्यानंतरही चर्चेत राहिला. एका यंत्रणेने वाहनांचा आणि दुसरीने परिसराचा विचार करायचा, अशी विभागणी झाली की पायी चालणारा माणूस दोन्ही आराखड्यांच्या मधल्या रेषेवर उभा राहतो.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राष्ट्रीय महामार्ग हा केंद्राचा, तर इतर रस्ते व पूल हा राज्याचा विषय आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येणाऱ्या विषयांत रस्ते आणि पुलांचा समावेश आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ५ नुसार महामार्ग सुस्थितीत ठेवणे ही केंद्र सरकारची जबाबदारी आहे. मात्र हे काम राज्य सरकारकडे सोपवण्याची मुभाही त्याच कलमात आहे. महाराष्ट्रात महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ ने सार्वजनिक रस्त्यांची देखभाल आणि दिवाबत्ती ही महापालिकेची अनिवार्य कर्तव्ये ठरवली आहेत.

प्रत्येक कायदा आपापल्या रस्त्यापुरता स्पष्ट आहे. अडचण येते ती दोन रस्ते जेथे मिळतात तेथे. महामार्गाचा उतार संपतो आणि महापालिकेचा रस्ता सुरू होतो, त्या सांध्यावरच वाहने वेग कमी करतात, पाणी साचते आणि डांबर आधी उखडते. उड्डाणपुलाखालची जागा, सेवा रस्ता, दुभाजकातील झाडे, दिशादर्शक फलक, दिव्यांचे वीजबिल, पावसाळी गटारांची सफाई या गोष्टी बांधकामाच्या निविदेत एकत्र असतात. देखभालीत त्यांची फाळणी होते.

दिल्लीने ही सीमारेषा रुंदीवर आखली. २०१२ मध्ये महापालिकेच्या विभाजनाच्या वेळी ६० फूट व त्याहून रुंद रस्ते दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे देण्यात आले. नियम समजण्यास सोपा आहे. पण रुंद रस्त्याला जेथे अरुंद रस्ता मिळतो, तेथे एका यंत्रणेच्या गटारातील पाणी दुसऱ्या यंत्रणेच्या गटारात जाणारच. बेंगळुरूमधील हेब्बाळ चौकात तर विमानतळाकडे जाणारा महामार्ग, बाह्यवळण रस्ता, मेट्रो आणि उपनगरी रेल्वेचे नियोजन एकाच ठिकाणी येते. तेथील उड्डाणपुलाला नवी मार्गिका जोडण्याचे काम विकास प्राधिकरणाने केले. आसपासच्या शहरी रस्त्यांचा भार मात्र नागरी संस्थेवरच आहे.

बांधकामाला निधी, देखभालीला पत्रव्यवहार

बांधकामाचा खर्च एकदाच होतो, त्याला स्वतंत्र मंजुरी असते आणि काम डोळ्यांना दिसते. देखभालीचा खर्च दरवर्षी येतो आणि तो नीट झाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. कंत्राटातील दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत दुरुस्ती ठेकेदाराकडे असते. तो संपताच मालमत्ता कोणाकडे जाणार आणि तिच्यासाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली तरतूद होणार, हे आधी ठरलेले नसेल तर हस्तांतरणाची फाइल दोन कार्यालयांत फिरत राहते. घेणारी संस्था म्हणते, आधी दोष दुरुस्त करून द्या. देणारी म्हणते, काम पूर्ण झाले आहे. या काळात बंद पडलेला दिवा बंदच राहतो.

मुंबईतील अंधेरीचा गोखले पूल हे या विभागणीचे बोलके उदाहरण आहे. ३ जुलै २०१८ रोजी या पुलाच्या पादचारी मार्गाचा भाग रेल्वे रुळांवर कोसळला. पूल कोणाचा आणि त्याची तपासणी कोणी करायची, यावर रेल्वे आणि महापालिकेत वाद झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीसाठी बंद करावा लागला. रुळांवरील जुना भाग पश्चिम रेल्वेने पाडला आणि नवा पूल महापालिकेने उभारला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि नवा पूल यांच्या उंचीत मोठी तफावत असल्याचे साऱ्या शहराने पाहिले. दोन्ही पूल जोडण्यासाठी पुन्हा स्वतंत्र काम करावे लागले आणि गोखले पूल पूर्ण क्षमतेने सुरू होण्यास मे २०२५ उजाडला.

पुण्याच्या विद्यापीठ चौकाचा धडाही याच जातीचा आहे. महापालिकेने उभारलेले तेथील उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडण्यात आले. त्या जागी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या प्रकल्पातून खाली वाहने आणि वर मेट्रो, असा दुमजली पूल आकाराला आला. ज्या खांबावर दोन सेवा उभ्या असतात, त्याची तपासणी अर्धी-अर्धी वाटून घेता येत नाही. तडा कोणी पाहायचा, वाहतूक कोणी थांबवायची आणि खर्च कोणी सोसायचा, हे लेखी ठरलेले असावे लागते.

करारात काय असावे?

अशा प्रकल्पांसाठी यंत्रणा परस्परांत सामंजस्य करार करतात. तो उपयोगी ठरतो तो चार बाबींमुळे. पहिली बाब हद्दीची. 'चौकाचा परिसर' असा मोघम उल्लेख पुरेसा नसतो. नकाशावर मीटरमध्ये मोजलेली रेषा लागते आणि सांध्याचा भाग कोणा एकाच यंत्रणेच्या नावावर टाकावा लागतो. दुसरी बाब मालमत्तेच्या यादीची : दिवे, गटारे, कठडे, सिग्नल, सरकते सांधे, फलक यांपैकी प्रत्येकापुढे एक जबाबदार कार्यालय. तिसरी बाब पैशाची. हद्द एकाची आणि निधी दुसऱ्याचा असेल, तर रक्कम कधी व कोणत्या प्रमाणात वर्ग होणार, हे बांधकामापूर्वीच ठरले पाहिजे. चौथी बाब वेळेची : पावसाळ्याआधीची संयुक्त पाहणी, खड्डा बुजवण्याची मुदत आणि मतभेद झाल्यास आधी दुरुस्ती, मग हिशेब, हा क्रम.

जबाबदारी एकाच संस्थेकडे एकवटण्याचा मार्गही आहे. मुंबईचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये देखभालीसाठी महापालिकेकडे देण्याचा निर्णय झाला. खड्डा कोणाच्याही रस्त्यावर असो, नागरिक तक्रार महापालिकेकडेच करतात, हे त्यामागचे व्यवहारी कारण होते. मात्र जबाबदारीसोबत निधी आणि मनुष्यबळ आले नाही, तर एकवटलेली देखभालही दुबळीच राहते.

चुकीची किंमत आता यंत्रणांनाही मोजावी लागू शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याची रचना, बांधणी वा देखभालीचे मानक न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. सुस्थितीतील रस्ता हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे या न्यायालयाने आधीच नमूद केले होते.

भरपाई ठरवतानाही पहिला प्रश्न तोच असतो : ही जागा कोणाची? त्याचे उत्तर अपघातानंतर शोधावे लागू नये, एवढ्यासाठीच देखभालीचा करार बांधकामाच्या कार्यादेशाआधी व्हायला हवा. मोठ्या चौकात जबाबदार कार्यालयाचे नाव आणि तक्रारीचा क्रमांक असलेला एक फलक उभारणे हा त्यातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो फलक लिहिता येत नसेल, तर करारही अपुराच आहे, असे समजावे.