ऑइल खातं, म्हणून बिघडलेलं नाही

अंबड तालुक्यातलं वडीगोद्री धुळे-सोलापूर महामार्गावर आहे, त्यामुळे पंक्चर, वेल्डिंग नाहीतर चहासाठी का होईना, बहुतेक प्रकारची वाहनं इथे कधी ना कधी थांबलेली आहेत. रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार तेवढी थांबलेली नसावी. ती बनवणाऱ्या माझदाने आपल्या कार भारतात रीतसर विकायला आणल्याच नाहीत. माझदा हे नाव मराठवाड्यात पोचलं ते स्वराज माझदाच्या मालवाहू गाड्यांच्या तोंडावर लिहिलेलं, आणि त्या गाड्यांत होतं साधं पिस्टनचं डिझेल इंजिन. आरएक्स म्हटलं की आमच्याकडे अजूनही यामाहाची आरएक्स हंड्रेडच डोळ्यांपुढे येते. माझदाची रोटरीवाली आरएक्स-सेव्हन पोरांना ठाऊक आहे ती मोबाइलवरच्या गेममधून.

तरी या इंजिनाचा मागोवा इथून घ्यायला हरकत नाही. एक तर इथून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या नगरमध्ये या जातीच्या इंजिनावर खरंखुरं काम झालेलं आहे. आणि दुसरं असं की या इंजिनाचा जो दोष जगभर गाजला, तो राजदूतवर हात काळे केलेल्या मिस्त्रीला दोष वाटलाच नसता.

इंजिन ऑइल खायला लागलं की आमच्याकडे निदान ठरलेलं असतं: रिंगा गेल्या, बोअर करून घ्या. फोर-स्ट्रोकच्या बाबतीत ते बरोबरही आहे. टू-स्ट्रोक राजदूतला मात्र ऑइल घातल्याशिवाय पेट्रोल कुणी भरत नसे. तिथे ऑइल जळणं हा बिघाड नव्हता, तो खुराक होता. रोटरी इंजिन या दोघांच्या मधलं. ते चालतं फोर-स्ट्रोकच्या चार क्रियांवर, खालच्या टाकीत वेगळं ऑइल ठेवतं, आणि त्यातलं थोडं थोडं मुद्दाम जाळत राहतं. माझ्या मते त्याच्या बदनामीचा निम्मा इतिहास एवढ्या एका गोष्टीत आहे. उरलेला निम्मा पेट्रोलचा आहे, आणि तिथे इंजिनाची बाजू खरोखरच लंगडी आहे.

फेलिक्स वँकेल या जर्मन माणसाने 1929 मध्ये या कल्पनेचं पहिलं पेटंट घेतलं. अधू नजरेमुळे या गृहस्थाने गाडी चालवण्याचा परवाना कधी काढला नाही, असं सांगतात. 1951 मध्ये एनएसयू या मोटारसायकलींच्या कारखान्याशी त्याचा करार झाला आणि 1 फेब्रुवारी 1957 रोजी पहिलं इंजिन चाचणीच्या बाकावर सुरू झालं. त्या रचनेत बाहेरचं कवचही फिरत असे. प्लग बदलायचा तर अर्धं इंजिन खोलावं लागे. हान्स डीटर पाश्के या एनएसयूच्याच अभियंत्याने कवच स्थिर ठेवून आतला रोटर तेवढा फिरवला. आज आपण ज्याला वँकेल इंजिन म्हणतो ते खरं पाश्केचं आहे. वँकेलला हा बदल मुळीच रुचला नव्हता.

आत काय चालतं ते एकदा डोळ्यांपुढे आणलं की देखभालीची सगळी कलमं आपोआप कळतात. कमरेत किंचित दाबलेला लंबगोल, त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर. रोटर एका उत्केंद्री शाफ्टवर बसलेला, म्हणजे तो फिरतो आणि फिरता फिरता झुलतोही. त्याची तिन्ही टोकं सतत कवचाला घासत जातात, आणि तीन बाजूंच्या तीन पोकळ्या आळीपाळीने मोठ्या-लहान होत खेचणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं ही चार कामं उरकतात. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे तीन होतात. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, खालीवर आपटणारं काही नाही, म्हणून हादरे जवळपास नाहीत. सगळा भार त्या तीन टोकांवरच्या पट्ट्यांवर, म्हणजे एपेक्स सीलवर. माझदाच्या 13बी इंजिनात ही पट्टी 80 मिलिमीटर लांब आणि 1986च्या सुमारापासून फक्त 2 मिलिमीटर जाड. पिस्टनच्या रिंगेचं सगळं काम हिने करायचं, आणि तेही दर फेऱ्यात कवचाशी असलेला कोन बदलत.

सुरुवातीच्या काळात याच पट्टीने सगळ्यांना रडवलं. हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, 1961 मध्ये परवाना घेतला. इंजिन काही तास चाललं की कवचाच्या आत लाटांसारखे ओरखडे उमटत. जपानी अभियंत्यांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असं नाव दिलं. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली 47 जणांचा चमू या एका प्रश्नावर बसला. पट्टी एका ठरावीक वारंवारतेला थरथरते आणि घासण्याऐवजी टिचक्या मारत जाते, हे त्यांच्या ध्यानात आलं. पट्टीत आडवी-उभी भोकं पाडून ती वारंवारता बदलून पाहिली. शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी कामाला आली. 30 मे 1967 रोजी कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली: 982 सीसी, दोन रोटर, 110 अश्वशक्ती. पुढच्या वर्षी जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या 84 तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरवल्या. एकीचा ॲक्सल 82व्या तासाला गेला, दुसरी चौथी आली. यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले.

त्याच 1967च्या शरद ऋतूत एनएसयूने आरओ 80 काढली. दिसायला आजही जुनी वाटू नये अशी ती गाडी 1968ची युरोपातली कार ऑफ द इयर ठरली, आणि तिनेच कंपनी बुडवली. सील झिजत, कंपनी हमीखाली इंजिनं बदलून देई. समोरून दुसरी आरओ 80 आली की मालक बोटं दाखवून आपलं कितवं इंजिन चालू आहे ते सांगत, असा किस्सा जर्मनीत रूढ झाला. सुरुवातीची सीलं कच्ची होती यात वाद नाही. पण परत आलेल्या इंजिनांपैकी बऱ्याच इंजिनांत बदलण्याजोगं काही नव्हतंच. गॅरेजवाल्यांना हे इंजिन कळत नव्हतं. प्लग किंवा इग्निशनचा दोष असला तरी ते अख्खं इंजिन उतरवून कारखान्यात पाठवत. 1969 मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या पोटात गेली, 1977 मध्ये आरओ 80 बंद झाली.

इथे थोडं थांबून कॉम्प्रेशन तपासण्याबद्दल सांगायला हवं, कारण निदानाची खरी मेख तिथे आहे. साधा गेज प्लगच्या जागी लावला तर तो तीन पोकळ्यांतला सर्वांत मोठा आकडा धरून बसतो. इंजिन ठणठणीत आहे असं सांगतो आणि फसवतो. म्हणून गेजमधला दाब अडवून धरणारा छोटा व्हॉल्व्ह काढून टाकायचा. इंजिन तापलेलं हवं, बॅटरी भरलेली हवी. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करून स्टार्टर मारायचा. काटा कुठे टेकत नाही, उसळत राहतो. तीन उसळ्या सारख्या उंचीच्या, पुन्हा तीन, पुन्हा तीन. कान दिला तर प्लगच्या भोकातून फस्, फस्, फस् असा एकसारखा ताल ऐकू येतो. तिन्हींतल्या शेजारच्या दोन उसळ्या खुज्या पडल्या, तर त्या दोन पोकळ्यांमधली पट्टी गेली. तिन्ही सारख्याच खुज्या, तर बाजूची सीलं किंवा कवच झिजलं. अनुभवी माणूस गेजशिवायही हे नुसत्या कानाने ओळखतो. आमच्याकडे जुन्या पाण्याच्या इंजिनाचं हँडल फिरवताना हाताला लागणाऱ्या जोरावरून मिस्त्री कॉम्प्रेशन सांगत, त्याच जातीची ही विद्या.

1973च्या तेलसंकटाने मात्र कुठल्याही मिस्त्रीच्या हातात नसलेला दोष उघडा पाडला. रोटरीची पेटण्याची पोकळी लांबट, चपटी आणि पुढे सरकत राहणारी असते. ज्वाला तिच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच वेळ संपते. म्हणून तर प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, एक पुढे आणि एक मागे. पोकळीचं धातूचं अंग मोठं, त्यामुळे उष्णता वाया जाते, थोडं पेट्रोल न जळताच निघून जातं. तेल महागलं तसं अमेरिकेतलं गिऱ्हाईक पळालं. माझदा दिवाळ्याच्या उंबरठ्यावर आली आणि सुमितोमो बँकेने तिला सावरलं. इतर कंपन्यांनी रोटरीचा नाद सोडला. माझदाने पेट्रोल 40 टक्के वाचवायचं ठरवून काम धरलं आणि 1978 मध्ये आरएक्स-सेव्हन आणली. हलकी, स्वस्त, पुढच्या चाकांच्या मागे इंजिन बसवलेली. 1978 ते 2002 या काळात तिच्या तीन पिढ्या मिळून आठ लाखांहून जास्त गाड्या बनल्या.

देखभालीचं शास्त्र घडलं ते या आठ लाख गाड्यांवर. ऑइलचा दांडा दर दुसऱ्या टाकीला बघायचा, हा पहिला नियम. इंजिनावरचा एक छोटा पंप खालचं ऑइल पोकळीत टिपकवत असतो, पट्टीला दुसरं वंगण नाही. हा पंप कधी बंद पडला तर कळतही नाही, म्हणून शौकीन लोक पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोकचं ऑइल लिटरला पाच-सात मिलिलिटर घालतात. त्याचा राखेचा थरही कमी बसतो, कारण ते मुळात जळण्यासाठीच केलेलं असतं. अमेरिकेतल्या मालकाला हे विचित्र वाटे. आमच्याकडच्या आरएक्स हंड्रेडवाल्याला त्यात काय विशेष, असं वाटलं असतं.

दुसरा नियम थंड इंजिनाचा. फाटकातून शेडपर्यंत गाडी आणायची आणि लगेच बंद करायची, ही सवय या इंजिनाला घातक. थंडपणी पेट्रोल जास्त सुटतं, ते कवचावरचं ऑइल धुऊन काढतं, पट्ट्यांची पकड जाते. पुढच्या वेळी स्टार्टर हलका हलका फिरतो आणि इंजिन काही धरत नाही. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, प्लग काढून वाळवा, इंजिन फिरवून आतलं पेट्रोल बाहेर काढा, प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडा, मग सुरू करा. पांढऱ्या धुराचा लोट येतो. राजदूतची टुटी बंद करून, मूठ पूर्ण पिळून किका मारणं याहून ते फार वेगळं नाही. उलट, एकदा तापलं की हे इंजिन लाडाने चालवायचं नाही. आत साठणारा कार्बन पट्ट्यांच्या खाचा भरतो आणि पट्ट्या अडकतात. तो उडवायला लाल रेषेपर्यंत रेस द्यावी लागते. जपून चालवलेली जुनी आरएक्स-सेव्हन विकत घेताना जाणकार म्हणूनच जास्त चौकशी करतात.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि तिथे क्षमा नाही. पेटणं कायम कवचाच्या एकाच बाजूला होतं, थंड मिश्रण कायम दुसऱ्या बाजूने येतं. बाजूच्या पाट्या बिडाच्या, मधलं कवच ॲल्युमिनियमचं, सगळं लांब बोल्टांनी एकत्र आवळलेलं. एकदाच कडक तापलं तरी दोन धातू वेगवेगळे फुगतात आणि मधली पाण्याची सीलं जातात. मग सकाळी सुरू करताना पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि इंजिन उतरवणं. ऑइलबद्दल माझदाच्या मालकांत शंभर वाद आहेत. रेडिएटरबद्दल एकही नाही.

1991 मध्ये ले मान्सची 24 तासांची शर्यत माझदाच्या 787बीने जिंकली, चार रोटरच्या इंजिनाने. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. या विजयामुळेच रोटरीवर बंदी घातली गेली, असं अजून सांगतात. ते खरं नाही. शर्यतीचे इंजिनाचे नियम बदलायचं त्याआधीच ठरलेलं होतं.

पेट्रोलचा हिशेब रस्त्यावर जड जातो, पण आकाशात वजनाचा हिशेब त्याहून मोठा असतो. टेहळणीच्या चालकरहित विमानाला हलकं आणि न थरथरणारं इंजिन हवं, नाहीतर कॅमेऱ्यातलं चित्र हलतं. भारतीय लष्करासाठी बनलेल्या निशांत विमानात परदेशी वँकेल इंजिन होतं. त्याला पर्याय म्हणून नगरची व्हीआरडीई, बंगळूरची एनएएल आणि एडीई या तीन सरकारी संशोधन संस्थांनी मिळून 55 अश्वशक्तीचं, सुमारे 30 किलो वजनाचं, एका रोटरचं इंजिन उभं केलं. कवचाचं खास ॲल्युमिनियम ओतकाम आणि त्यावरचा निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा लेप एनएएलचा. इग्निशन आणि इंधनाची यंत्रणा नगरची. असाच लेप एनएसयूच्या आरओ 80 मध्ये होता, म्हणजे हिरोशिमा आणि जर्मनीने ज्या पट्टीशी आणि कवचाशी झुंज दिली, तिचाच धडा इथे पुन्हा गिरवावा लागला. 5 एप्रिल 2009 च्या सकाळी कोलारजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या पडीक धावपट्टीवरून निशांत या इंजिनावर उडालं, 1.8 किलोमीटर उंचीवर गेलं आणि 40 मिनिटांनी एका कोरड्या तळ्यात सुखरूप उतरलं. निशांतचं पुढे फारसं बरं झालं नाही. लष्कराने घेतलेली चारही विमानं अपघातांत गेली आणि 2015 मध्ये लष्कराने पुढची खरेदी थांबवली. पण लष्करी गाड्या तपासणारी संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नगरच्या व्हीआरडीईने वँकेल इंजिनाची ठिणगी जुळवून दाखवली, हे नगरकरांनाही फारसं माहीत नसतं.

तोवर मोटारींतलं रोटरी आटत चाललं होतं. माझदाच्या 2003च्या आरएक्स-एटमध्ये धूर बाहेर जाण्याची दारं कवचावरून बाजूच्या पाटीवर हलवली, प्रदूषण बरंच घटलं, तरी युरोपातले नियम पुढे गेले आणि 2012 मध्ये तीही बंद झाली. 2023 मध्ये रोटरी परतलं ते एमएक्स-30 गाडीत, 830 सीसीचा एकच रोटर, 2.5 मिलिमीटर जाडीची पट्टी. तिथे ते चाकांना जोडलेलंच नाही, फक्त बॅटरीसाठी वीज बनवतं. 1 फेब्रुवारी 2024 रोजी माझदाने रोटरीचा स्वतंत्र गट पुन्हा स्थापन केला, 36 अभियंत्यांचा. त्यांच्यापुढचं मोठं काम प्रदूषणाच्या नव्या नियमांत बसण्याचं आहे. पट्टीला ऑइल हवं, ऑइल जळणार, आणि जळलेलं सगळं मोजलं जाणार.