पुंगळीचं पितळ (७) : तबेल्यातला अमोनिया

काडतूस झाडल्यावर उरणारी पितळी पुंगळी पुन्हा भरण्याआधी आपण घासून घेतो. त्यासाठीच्या स्टीलच्या पिनांचा विषय आज घेणार होतो, पण तो पुढच्या आठवड्यावर गेला. मध्येच ह्यूस्टनच्या एका वाचकांचं पत्र आलं, आणि त्याचं उत्तर दोन ओळींत आटपण्यातलं नाही. ते विचारतात, "पुंगळ्या घासायच्या अक्रोडाच्या भुशात घालायला वेगळं पॉलिश कशाला विकत आणायचं? घरात समई घासायचं लिक्विड आहे, तेच दोन चमचे ओतलं तर?"

आधी त्या बाटलीचं झाकण उघडा आणि वास घ्या. नाकात झिणझिण्या आल्या, तर आत बहुधा अमोनिया आहे. समईला तो चालतो, कारण तिला देवापुढे शांत उभं राहायचं असतं. पुंगळीचं तसं नाही. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची चकती थंडच दाबत, ओढत, लांबवत तिची नळी केलेली असते. त्या ओढाताणीतला बराच ताण धातूच्या पोटातच राहतो. वर मानेत गोळी घट्ट बसवली, की तिथे आणखी भर.

हा ताण आणि अमोनिया एकत्र आल्याचा पहिला हिसका बसला तो आपल्याकडच्या पावसाळ्यात. ब्रिटिश फौजेची काडतुसं तबेल्यांत ठेवलेली असायची. बाहेर पावसाची झड, आत कोंदट ओल आणि घोड्यांच्या मुताचा उग्र दर्प. पेट्या उघडाव्यात तर झाडलेलीच नाहीत अशा काडतुसांच्या मानेला उभे तडे! या दुखण्याला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला. अमोनिया आणि ओल मिळून तांब्यावर चाल करतात आणि ताणलेल्या पितळेत कणाकणांच्या सांध्यांतून आत शिरतात. ताण नसेल तर पितळ नुसतंच काळवंडतं. असेल तर चिरतं.

दोन चमच्यांनी तुमची पुंगळी उद्याच फुटेल असं नाही. पण तोच भुसा आपण महिनोन्‌महिने वापरतो, त्याची धूळ पुंगळीच्या आत बसते आणि पुन्हा भरलेली काडतुसं वर्षानुवर्षं डब्यात पडून राहतात. अमोनियाविरहित पॉलिश सहज मिळत असताना हा जुगार कशाला? तेही घालायचं ते मोठा चमचाभर, आणि टंबलर (पुंगळ्या भुशात घुसळणारं यंत्र) पंधरा मिनिटं पुंगळ्यांशिवाय फिरवून. मी पहिल्यांदा घाई केली, तेव्हा भुशाच्या गुठळ्या पुंगळ्यांत अडकल्या. रविवारची आख्खी दुपार टाचणीने उकरण्यात गेली. (चिंच-लिंबाचं विचारणाऱ्यांनी थोडं थांबा. सायट्रिक आम्ल पिनांबरोबरच येईल.)

कारखान्यांनी यावर तोडगा काढला तो आचेचा. मान तापवून मऊ केली की तिथला ताण उतरतो. लष्करी पुंगळ्यांच्या मानेभोवती निळसर-तपकिरी झाक दिसते ना, ती त्या आचेची खूण. नागरी बाजारातल्या मालावर ती बहुधा घासून काढलेली असते. माझ्या गॅरेजमध्ये शिकायला येणाऱ्या एका पोराने तिला डाग समजून दोन दिवस टंबलर चालू ठेवला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "काका, भुसा बदलायला हवा. हा मळ निघतच नाही."