मंदगतीचा व्यायाम आणि कमरेचा घेर

वजन उतरविण्याची इच्छा झाली की मनुष्य प्रथम धावावयास निघतो आणि चार दिवसांत गुडघे धरून बसतो. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने स्थूल झालेल्या कितीतरी बंधुभगिनींनी अशा रीतीने व्यायामास कायमची रजा दिली आहे. त्यांच्यासाठी आज आम्ही ताय-ची या चिनी व्यायामाची माहिती देत आहोत.

मूळची ही युद्धकला. सतराव्या शतकात हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावी ती आकारास आली, असे मानतात. पुढे एकोणिसाव्या शतकात यांग लूचान यांनी ती बीजिंगला नेली. 1956 साली चीनच्या क्रीडा खात्याने तिच्यातील चोवीस हालचालींचा एक सोपा क्रम बसविला. तो पुरा करावयास पाचसहा मिनिटे पुरतात. हालचालींची नावे मोठी गोड आहेत : कोठे रानघोड्याची आयाळ दुभंगावयाची, कोठे शुभ्र क्रौंचाने पंख पसरावयाचे, तर कोठे हात ढगांसारखे फिरवावयाचे!

परंतु याने वजन उतरते काय? आम्ही भलती आशा दाखविणार नाही. ताय-चीत शक्ती खर्च होते ती साधारण चालीने चालण्याइतकीच. तथापि हाँगकाँग येथील एक प्रयोग ध्यानी घेण्याजोगा आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पोट सुटलेली, पन्नाशीपुढील 543 माणसे होती. त्यांचे तीन गट केले. एका गटाने बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर ताय-ची केले. दुसऱ्याने नेहमीचा व्यायाम केला. तिसऱ्याने काहीच केले नाही. या तिसऱ्या गटाशी तुलना करता ताय-ची करणाऱ्यांची कंबर सरासरी 1.8 सेंटिमीटरने, तर नेहमीचा व्यायाम करणाऱ्यांची 1.3 सेंटिमीटरने उतरली. पट्ट्याचे एक भोकसुद्धा नव्हे, असे कोणी हसून म्हणेल. पण पोटात, आतड्यांभोवती साठणारी चरबीच मधुमेहास व हृदयविकारास अधिक कारण होते. आणि आपणां भारतीयांस पुरुषाची कंबर 90 व स्त्रीची 80 सेंटिमीटरपुढे गेली की धोका संभवतो.

आरंभ अंगणातही करता येतो. पाय खांद्यांइतके फाकवून, गुडघे किंचित वाकवून, खांदे सैल सोडून उभे राहावे. हात सावकाश खांद्यांपर्यंत उचलावे व तसेच खाली आणावे. श्वास नाकाने, सहज चालू द्यावा; तो कोंडू नये. मग शरीराचा सर्व भार एका पायावर न्यावा आणि दुसरा पाय रिकामा झाल्यावरच तो उचलावा. या कलेचे मर्म येथेच आहे. ज्यास हे साधले त्याचा तोल सुधारतो, आणि वृद्धास पडण्याचे भय कमी होते. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये. उतावळे लोक येथेच दुखणे ओढवून घेतात. प्रथम दहा मिनिटे पुरे. ज्यांस उभे राहणे कठीण आहे त्यांनी हातांच्या हालचाली खुर्चीवर बसून कराव्या. हृदयविकार किंवा सांध्यांचे जुने दुखणे असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे.

भाताचा दुसरा वाढा मात्र ताय-ची भरून काढणार नाही. तो ताटातूनच कमी व्हावयास हवा. वजनकाट्यावर रोज चढण्यापेक्षा महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, शिंप्याच्या फितीने कंबर मोजावी आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.